शिशाची पेटी

बाहेरचं दार

हे दार फक्त ओळखपत्र बघतं. माझ्या ओळखपत्रावर लिहिलंय: सरकारी तपासनीस. फोटोत मी हसतेय. नोकरी नवी होती तेव्हा.

दाराशी मुकादम उभा. ठेकेदाराचा माणूस, जिभेवर साखर.

"या मॅडम. चहा मागवू?"

"आधी बिल्ले."

बिल्ला म्हणजे छातीवर लावायची काडेपेटीएवढी डबी. अणुभट्टीच्या इमारतीत माणसाच्या अंगावर किती किरण पडले, ते ती मोजून ठेवते. वर्षाची मर्यादा भरली की माणसाने आत पाऊल टाकायचं नाही. म्हणून सरकार ठेकेदाराला दुप्पट माणसांचे पैसे देतं. निम्म्यांनी काम करायचं, निम्म्यांनी बाहेर बसायचं, आणि बसणाऱ्यालाही मजुरी.

कागदावर हे फार सुंदर दिसतं.

मधलं दार

या दाराच्या अलीकडे कपडे बदलायची खोली. लोखंडी कपाटं, एक बाक, ओल्या रबराचा वास. बाकावर वेल्डर बूट चढवत होता. मुकादमाच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

"भावोजी, आटपा. पाइप खोळंबलाय."

"तुझी ताई त्याच्याही आधीपासून खोळंबलीय. तिला कधी म्हणालास का, आटप?"

मी विचारलं, "तुमच्या बदलीचा माणूस कुठाय?"

"मीच की. सकाळी मी. दुपारी माझ्या बदली मी."

"आमचे भावोजी विनोदी आहेत," मुकादम घाईने म्हणाला. "तुम्ही आकडे बघा मॅडम. सगळे बिल्ले स्वच्छ."

त्याने नोंदवही पुढे केली. आकडे स्वच्छच होते. तिथेच माशी शिंकली.

(आता जरा थांबून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. किरण फक्त भट्टीत नसतात. दगडातून, मातीतून, आभाळातून ते थोडे थोडे सगळ्यांवरच पडतात. कुंपणाबाहेर झाडांना पाणी घालणाऱ्या माळ्याच्या बिल्ल्यावरही थोडे येतात. आणि भट्टीला चिकटून पाइप जोडणाऱ्या वेल्डरचा बिल्ला त्या माळ्याच्या बिल्ल्यापेक्षा कोरा. थांबणं संपलं.)

"तुमचे भावोजी पृथ्वीवर राहत नाहीत का?"

मुकादमाने कपाळ पुसलं. वेल्डरच्या छातीवर बिल्ला नव्हता. आत निघालेला माणूस, आणि छाती मोकळी.

"बिल्ला कुठाय?"

वेल्डर म्हणाला, "मॅडम, तो भरला तर मी घरी. घरी बसून मुलं काय खातील, तुमचा शिक्का?"

"घरी बसायची मजुरी सरकारने दिलीय. आगाऊ. तुमच्या नावावर, तुमच्या विश्रांतीसाठी."

हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो एक बूट हातात धरून तसाच बसला. मग बाकाखालची पेटी पायाने माझ्याकडे सरकवली.

शिशाची पेटी. किरण बाहेर येऊ नयेत म्हणून बनवलेली. तसे ते आतही जात नाहीत. बिल्ले आत ओळीने निजलेले. हे खुंटीला टांगून ठेवले असते, तर माळ्याइतका आकडा आला असता आणि मीही सही करून गेले असते. पण मुकादमाला खात्री हवी होती. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

"माझी विश्रांती कुठाय रे?" वेल्डरने विचारलं. आवाज चढला नाही.

"भावोजी, मी हुकमाचा ताबेदार. ठेकेदार म्हणाला..."

"ताईला तू सांगायचंस. आज, माझ्यासमोर. माझ्या अंगात किती गेलंय ते कुणालाच माहीत नाही, हेपण सांगायचंस."

मुकादम भिंतीकडे बघत म्हणाला, "ती मला उंबरठ्यावर उभं करणार नाही."

"मग उभा राहू नकोस."

फोन

(हे दार नव्हे, पण यातूनही लोक आत शिरतात.)

माझे वरिष्ठ साहेब म्हणाले, "भट्टी पुन्हा सुरू व्हायची तारीख जाहीर झालीय. सही करा, बाकीचं मागाहून बघू."

"मागाहून याच्या रक्तात बघावं लागेल, साहेब."

"तुमची बदली करू शकतो मी."

"करा. इथे बदलीची माणसं तशीही कमीच आहेत."

पलीकडे कुणीतरी खोकलं. मग फोन बंद. मी पिशवीतून सीलची पट्टी काढली.

आतलं दार

या दारावर आता सरकारी सील आहे. ते मी लावलं. जोडणी थांबली, बिल थांबलं, पेटी माझ्या ताब्यात. उद्या माझी खुर्ची कुठे असेल सांगता येत नाही. वेल्डरची रक्ततपासणी मात्र मी इथून जायच्या आधी होणार, हे मी लिहून दिलंय.

त्याने स्वतःचा बिल्ला शोधून छातीवर लावला. मग बाक ओढत आणला आणि सील केलेल्या दाराला पाठ लावून बसला.

मुकादम फोन हातात धरून आला. "उठा ना भावोजी. ठेकेदार स्वतः येतोय."

"येऊ दे," वेल्डर म्हणाला. "बिल्ला लावून ये म्हणावं."