दिवसा झोपलेली लाइन

चौबे कॉलोनीत दीपमाला मेश्रामचं इंटरनेट चारशे घरांत चालायचं. मोठ्या कंपनीकडून घेतलेली एकच लाइन ती सगळ्यांना वाटून द्यायची. सगळ्यांनी एकदम वापरलं तर ती पुरणार नाही, हे तिला ठाऊक होतं. पण सगळे एकदम कुठे वापरतात? धंद्याची कमाई त्यातच होती. मग भाऊ अश्विननं दिवाळीच्या ऑफरमध्ये आणखी दीडशे घरं जोडली आणि रोज संध्याकाळी सातला तक्रारींचे फोन खणखणू लागले.

सगळ्यात जास्त फोन कुसुमकाकूंचे. सत्तरीतल्या काकू व्हिडिओवर हार्मोनियम शिकवायच्या. दीपमाला स्वतःच त्यांच्याकडे गेली. पडद्यावर पुण्याची शिष्या तोंड उघडं ठेवून गोठली होती.

"माझी ओळ संपून जाते, तेव्हा हिचा सा येते," काकू म्हणाल्या. "बिघाड आहे का काही?"

"हो" म्हणून सुटता आलं असतं. दीपमालाच्या तोंडून मात्र खरं तेच निघालं, "बिघाड नाही, काकू. आम्हीच जास्त कनेक्शनं विकली."

काकूंनी हार्मोनियमचा भाता मिटला. "बरं झालं सांगितलंस. आता नीट कर."

ऑफिसात येताच तिनं नवी घरं जोडणं बंद केलं. अश्विन वैतागला.

"ताई, मोठी लाइन घेतली तर नफा उरत नाही. नवे गिऱ्हाईक नाही घेतले तर खायचं काय?"

दीपमालानं कॉम्प्युटरवर दिवसभराच्या वापराचा आलेख उघडला. संध्याकाळी डोंगर, बाकी सगळं सपाट.

"दिवसा आपली लाइन झोपून राहिली, बघ. दिवसा नेट कोणाले लागते?"

अश्विन आलेखावर वाकला आणि एकदम हसला. "भनपुरीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांले! सातच्या आत शटर पडते त्यांचं."

तीन आठवडे दोघं भनपुरीत ट्रकांच्या धुळीत ऑफिसं पालथी घालत फिरले. एका मालकानं विचारलं, "शाम को भी फास्ट चलेगा ना?"

"शाम को थोड़ा धीमा रहेगा, भैया," अश्विननं आधीच सांगून टाकलं. मालकाला त्या खरेपणाचीच गंमत वाटली. त्यानं शेजारच्या दोघांनाही हाक मारली.

बावीस ऑफिसं जोडली गेली. त्यांच्या पैशांतून मोठी लाइन आली, तरी हातात थोडं उरलं. काकूंचा वर्ग अडखळेनासा झाला.

पुढच्याच आठवड्यात कॉलोनीतल्या एका नव्या घराचा फोन आला. दीपमाला उचलणार, तोच अश्विननं घेतला. "दोन महिने थांबा लागन, साहेब," तो ऐटीत म्हणाला. "आम्ही मोजूनच देतो."