पेटीवाल्यांचा डावा पाय

मित्रांनो, मी एक जुनी, झिजून गुळगुळीत झालेली क्लच प्लेट आहे. तुम्ही गाडीत पुष्कळदा बसला असाल, पण मला पाहिलेले तुमच्यात थोडेच निघतील, कारण माझा जन्मच अंधारात बसण्यासाठी. गाडीच्या पोटात एकीकडे इंजिनाचे अवजड चाक गरगरत असते, दुसरीकडे गिअरबॉक्सचा दांडा वाट पाहत असतो आणि मी दोघांच्या मध्ये. मला त्या चाकावर घट्ट दाबून धरले की इंजिनाचा जोर पुढे पोचतो. क्लचचे पेडल दाबले की दाब उठतो, मी मोकळी होते आणि क्षणभर विसावते. धरायचे आणि सोडायचे, एवढाच माझा धर्म. ऐकायला सोपा आहे. पण माणसांना तरी कुठे साधतो?

कारखान्यात पोलादी पत्र्यातून मला कापले, दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर चढवून रिबिटा ठोकल्या. तपासणाऱ्या बाईंनी मला उजेडात फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, "ही टिकेल हो!" तेवढेच माझे कौतुक. ते मी वर्षानुवर्षे पुरवून खाल्ले.

ज्या करड्या गाडीत मी बसले, तिच्या मालकांना सगळे पेटीवाले म्हणत. टेकडीपलीकडच्या प्रार्थनामंदिरात ते पायपेटी वाजवीत. गाणारा गातो, सांगणारा सांगतो, ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात, आणि खाली कुणाचे तरी पाय मुकाट्याने भाता हलवत असतात. ते पाय पेटीवाल्यांचे. अशा भाविक माणसाच्या पदरी पडले, म्हणजे भाग्यच उघडले म्हणायचे, असे मला वाटले होते.

माणूस खरोखर देवमाणूस. काचा पुसायचे, टायरची हवा बघायचे, गाडीला कधी वेडेवाकडे बोलले नाहीत. पण गाडी चालू झाली की ते गुणगुणू लागत, आणि गुणगुणू लागले की डावा पाय पेडलवर ताल धरी. धड दाबणे नाही, धड सोडणे नाही. सरळ रस्त्यावरसुद्धा मला ना पक्की पकड, ना पुरती सुटका. मी घसरत होते, तापत होते, कणाकणाने झिजत होते. ज्या गाण्याने देव प्रसन्न व्हावा, त्याच गाण्याने माझे अस्तर जात होते. सांगणार कुणाला?

पुढे त्यांच्या डोळ्यांपुढे धुके साचू लागले. डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला बंदी केली. टेकडीपलीकडे जायला दुसरे साधन नव्हते. म्हणजे काकू शिकल्या तरच पेटी वाजणार. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शिवणकाम करीत. मशीनवर घडलेला त्यांचा पाय! हवा तेवढाच दाब, काम झाले की वर. त्यांच्या पायाखाली मला आयुष्यात प्रथमच पुरता विसावा मिळाला. पण तोवर माझ्यात राहिले होते काय? एके दिवशी चढावर इंजिन नुसतेच ओरडले, गाडी जागची हलेना आणि जळका वास सुटला.

"जाळलास ना क्लच!" पेटीवाले म्हणाले. "इतकी वर्षं माझ्याकडे काही झालं नाही."

गाडी ओढून घरी आणावी लागली. आल्या आल्या काकूंनी किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली. "माझ्यानं नाही व्हायचं हे. पुन्हा हात लावणार नाही."

टेकडीपलीकडची पेटी मुकी झाली. अखेर काकूंचा धाकटा भाऊ आला. तो क्रेनदुरुस्तीचे काम करी.

"अगं, चहा टाक," पेटीवाले म्हणाले. "तुझा भाऊ चहावर चालतो."

"बरंय भावजी, मी चालतो तरी! तुमची गाडी कशावरच चालत नाही."

घरालगतच्या शेडमध्ये काम सुरू झाले. बॅटरीची वायर सोडली, गाडीचे तोंड उचलून भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवले. गिअरबॉक्स खाली उतरवताना भाऊ आणि पेटीवाले, दोघांच्या कमरेचे टाके ढिले झाले. मग बोल्ट निघाले आणि मी उजेडात आले. भावाने माझ्यावरून अंगठा फिरवला.

"रिबिटा उघड्या पडल्यात. ताई, हे तुझ्या चार दिवसांचं काम नव्हे. आणि हे बेअरिंग बघ, पार खडखडलंय. पाय कायम पेडलवर असला, की असं होतं."

"माझा पाय? छे! माझा पाय खाली असतो," पेटीवाले म्हणाले.

"असू दे रे," काकू हळूच म्हणाल्या. "माझंच चुकलं असेल."

मित्रांनो, जळण्याचे दुःख मी सोसले होते. पण बाहेर स्टुलावर पडून हे ऐकणे त्याहून जड गेले.

नवी प्लेट अगदी मधोमध बसावी लागते. जरा सरकली तर गिअरबॉक्स परत चढत नाही. काकूंनी एका काठीला कापडाची पट्टी गुंडाळत गुंडाळत नेमके माप करून दिले. ती काठी मधल्या भोकातून घालताच प्लेट पहिल्या फटक्यात बसली. "ताई, तुझं माप म्हणजे माप!" भाऊ म्हणाला. काकू हसल्या, पण किल्लीचे नाव त्यांनी काढले नाही.

शेवटी क्लचची केबल लावायची राहिली. पेटीवाल्यांना आत बसवून भाऊ गाडीखाली शिरला. वाट पाहता पाहता पेटीवाले गुणगुणू लागले.

"भावजी, अजून दाबू नका."

"मी कुठे दाबतोय?"

"मग इथं हे वरखाली कोण नाचतंय?"

काकू गाडीच्या दाराशी आल्या, वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"अहो, पाय बघा तुमचा."

पेटीवाल्यांना तेवढ्या अंधारात दिसेना. त्यांनी चाचपडत आपल्याच गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा तालात वरखाली होत होता. ओळ अर्धवट तुटली, आणि गाण्याबरोबर पायही थांबला.

मग पेटीवाले उतरले, आत जाऊन किल्ली काढून आणली, सदऱ्याला पुसली आणि काकूंच्या हातात ठेवली.

"माझ्या पायाचं खापर तुझ्या डोक्यावर फोडलं गं मी."

काकूंनी डोळे टिपले. "शेजारच्या सीटवर बसा आता. तिथं पेडल नाही. हवा तेवढा ताल धरा."

केबल लागली आणि दोघांना घेऊन गाडी गेली. मला चढ दिसत नव्हता, पण इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. तो कुठेही न फाटता, एका सुरात टेकडीवर चढत गेला.

भाऊ मला भंगारात टाकणार होता. पेटीवाल्यांनी टाकू दिले नाही. घरच्या पायपेटीचा एक पाय तोकडा आहे, त्याखाली त्यांनी मला सारले. रोज सकाळी डोक्यावर तेच दोन पाय भाता हलवतात. फार थकले आहे मी. पण आता घासणे नाही, तापणे नाही. भजन ऐकत पडून राहायचे.

तेव्हा मित्रांनो, एवढेच ऐका. गाडी चालवताना असो की घरात वावरताना, आपल्या पायाखाली कुणीतरी मुकाट्याने झिजत असते. काम झाले की पाय उचला. आणि काही जळल्याचा वास आला, तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी एकदा आपल्या गुडघ्यावर हात ठेवून बघा.