मीटर जिथं संपतो

आमच्या दादाच्या दुकानात बोटींचे अँटेना तपासून द्यायचा धंदा दोन गोष्टींवर चालायचा. एक हातात मावणारा अँटेना मीटर, आणि दुसरी ‘तपासले’ छापलेली स्टिकरं. स्टिकरं त्यानं खास मागवली होती, खाऱ्या पाण्यातही न सुटणारी. मीटर मात्र जुनाच. तो पंधराशे मेगाहर्ट्झला संपायचा, आणि बोटींवरचे सॅटेलाइट फोन चालतात सोळाशेच्या वर. म्हणजे जे बघायचं, नेमकं तेच त्याला दिसायचं नाही.

मी दादाच्या कानीकपाळी ओरडून थकले. तो म्हणायचा, “मीटरच्या पडद्यावर टोकाशी रेषा खाली आहे ना? मग पुढंही खालीच असणार. उगाच डोकं खाऊ नकोस.” रेषा खाली म्हणजे अँटेना चांगला, एवढंच गिऱ्हाइकाला ठाऊक. लागलं स्टिकर.

मामांच्या बोटीवरचा अँटेनाही त्यानंच असा पास केला. सख्ख्या भाच्याचं काम म्हणून मामांनी काही विचारलंसुद्धा नाही. पुढे खोल समुद्रात त्यांच्या छातीत कळ आली. खलाशी फोन लावत राहिले, लागला नाही. बोट धक्क्याला आली तोवर मामा गेले होते.

“हृदयच बंद पडलं, तिथं फोन काय करणार?” दादा येईल त्याला ऐकवत सुटला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंदरातल्या रेडिओवाल्याकडून मी तीन हजारांपर्यंत जाणारा मीटर मागून आणला आणि मामांच्या बोटीवर जाऊन तो अँटेना तपासला. पंधराशेपर्यंत रेषा शहाण्यासारखी खाली. तिथून जी चढली, ती सोळाशेला पार वर. बोलावून दादाला दाखवलं. त्यानं बघितलं आणि मीटर बंद केला.

“झालं ते झालं. मामीजवळ यातला चकार शब्द काढायचा नाही.”

त्याला भाऊ म्हणायची मला किळस आली. तरी वाटलं, निदान यापुढे तरी सुधारेल.

मग एक दिवस मामीच दुकानात आली. मामांच्या बोटीवरचा अँटेना आणि फोन काढून पिशवीत घालून आणलेले. “आता पोरगा समुद्रावर जातोय,” ती दादाला म्हणाली. “त्याच्या बोटीवर हेच बसव. पण तू स्वतः तपास हो. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.”

दादानं मान हलवली आणि फळीवरचा जुना मीटर काढला. जुनाच.

मी तो त्याच्या हातातून ओढून घेतला. “मामी, हा पंधराशेला संपतो. मामांचा फोन सोळाशेच्या वर चालायचा. यानं त्याचा अँटेना तपासताच येत नाही. अँटेना वाईट होता, आणि दादाला ते माहीत आहे.”

“काहीही काय बोलतेस,” दादा म्हणाला. पण मामीकडे बघून नाही, मीटरकडे बघून.

मामीनं पिशवीतला अँटेना मांडीवर घेतला आणि बुडाशी लावलेलं स्टिकर नखानं खरवडायला लागली. कितीतरी वेळ खरवडत होती. ते काही सुटलं नाही.