उतरायला न शिकलेला चंदू

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे, मित्रांनो, पण माझ्यावर माणसं बसण्यापेक्षा उभीच जास्त राहिली. काळाचौकीच्या एका सुताराने मला गिरणीच्या कचेरीसाठी घडवलं. माझा एक हात मोडला तशी कारकुनांना मी नकोशी झाले. मग गिरणीच्या बास्केटबॉल संघाचे शामराव मास्तर मला उचलून मैदानावर घेऊन आले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. आज मोर्चा, उद्या हरताळ. पण गिरणी बंद असली तरी मास्तरांचा सराव चुकत नसे.

त्यांची रीत साधी होती. खेळाडूने माझ्यावर चढायचं आणि खाली उडी घ्यायची. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायचं. रोज पन्नास वेळा. गुणाजी नावाचा बुटका विणकर तर शंभर उड्या मारायचा. खेळाडूचं त्याच्यात काही म्हणजे काही नव्हतं. मला मात्र त्याने पार खिळखिळी केली, म्हणून मी त्याच्यावर मनातून चिडलेली असे.

मग चंदू आला. मूळचा शिवडीचा कोळी, राहायला लालबागच्या चाळीत. गिरणीत तो बदली कामगार होता. कोणी गैरहजर असेल त्याच दिवशी त्याला काम. संघाने स्पर्धा जिंकली तर त्याला कायम करू, असा साहेबांनी शब्द दिला होता. त्याची आई तुळसा डोक्यावर माशांची पाटी घेऊन दारोदार फिरायची. "पोरगा कायम झाला का पाटी टाकून देईन," असं ती मास्तरांना भेटेल तेव्हा सांगायची.

चंदू उडाला की मोर्चाहून परतणारी माणसंही थांबून बघत. पण खाली यायचा तो एकाच पायावर, ताठ, धप्पकन.

"चंदू, उडतोस झकास, पण उतरतोस वाईट. चल, खुर्चीवर चढ," मास्तर म्हणाले.

"काय मास्तर! जमिनीवरून मी खुर्चीच्या वर उडतो. तिच्यावरून उतरायला काय शिकवता?"

सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले. माझा फार जीव होता त्याच्यावर.

चंदूमुळे संघ सामन्यामागून सामना जिंकू लागला. लोकांनी त्याचा सत्कार ठरवला आणि मंचावर एक खुर्ची कमी पडली. मला धुतलं, मोडक्या हातावर पांढरी चादर टाकली आणि हार घातलेला चंदू माझ्यावर बसला. त्या दिवशी मी काय फुगले होते! पुढे मी संघाच्या खोलीतच राहिले. मास्तरांनी मैदानावर दुसरी खुर्ची नेली नाही. संघ जिंकत होता ना! गुणाजी तेवढा खोलीच्या पायरीवरून एकटाच उड्या मारायचा.

साठ साली, एप्रिलमध्ये अंतिम सामना झाला. मला साहेबांसाठी कडेला मांडलं होतं, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत घडलं. चंदू चेंडूसाठी सगळ्यांच्या वर उडाला आणि ताठ उजव्या पायावर आला. गुडघा फिरला. त्याची किंकाळी मी अजून विसरलेले नाही. त्याच्या जागी गुणाजी उतरला आणि आम्ही दोन गुणांनी जिंकलोसुद्धा. पण साहेब म्हणाले, "ज्याला उभं राहता येत नाही त्याला मागावर काय ठेवू?"

महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी परळभर गुलाल उडत होता, ढोल वाजत होते. मास्तर खोलीत एकटेच बसले होते. तुळसा आली. पाटी दारात उतरवून ती म्हणाली, "मास्तर, माजा पोर पाय आपटून उतरतो, तुमाला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं."

"मग बोललाव का नाय?"

"एकदा बोललो, तुळसाबाई. मग तो जिंकून देत होता."

ती पाटीकडे वळली. पाटी उचलायला मास्तर पुढे झाले, पण तिने त्यांना हात लावू दिला नाही.

मित्रांनो, मी पडले लाकूड, मला बोलता आलं नाही. तुम्हाला बोलता येतं. तुमच्या लाडक्या माणसाचं चुकत असेल तर तो जिंकत असतानाच त्याला सांगा, तो रुसला तरी सांगा. गुणाजी परवा सांगत होता, चंदू आता चाळीचा जिना बसत बसत उतरतो. चोवीस वर्षांचा आहे तो.