कापलेलं शेपूट

तीस वर्षं मी इटलीतल्या मोडेनात गाड्यांसाठी ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकतोय. ओंडक्यावर पत्रा ठेवायचा आणि हातोडीनं त्याला वळण द्यायचं. हवेला कुठलं वळण रुचत नाही, ते माझ्या तळहाताला कळतं. गाड्यांचे आराखडे काढायला तूरिनहून आलेल्या विस्कार्दींना ते म्हणे पेन्सिलीनं कळतं.

त्यांनी शर्यतीच्या नव्या गाडीला लांबलचक निमुळतं शेपूट काढलं. देखणं होतं, वाद नाही. मी म्हटलं, "हे गाडीला मागे ओढणार."

"लेआर्को, तू ठोक. विचार करायला मी आहे."

झालं, मी हट्टालाच पेटलो. बायकोच्या लाल लोकरीचे बोटभर धागे एकेका टोकानं शेपटावर चिकटवले. गाडी सरळ रस्त्यावर सुसाट सोडली आणि शेजारच्या गाडीतून मालक ग्वाल्दींना दाखवलं. पुढचे धागे पत्र्याला चिकटून पडले होते. अर्ध्या शेपटापासून मात्र सगळे सैरभैर. हवा तिथं पत्र्याला सोडून जात होती. मागचं सगळं नुसतं ओझं.

"कापू?"

"काप. पण वेग घटला तर उद्यापासून घरी बस."

धागे जिथं भरकटत होते तिथंच सरळ कापलं. गाडी ताशी सात किलोमीटर जास्त धावली.

"बोकडाचं ढुंगण दिसतंय," विस्कार्दी म्हणाले. आणि तिसऱ्या दिवशी मालक फिरले. "गिऱ्हाईक डोळ्यांनी गाडी घेतं, लेआर्को. शेपूट परत जोड, नाहीतर चालू लाग."

"नाही जमायचं. ते मी घरी अंगणात नेलंय, बायकोची कोंबडी त्यात अंड्यांवर बसलीये."

"मग दुसरं ठोक!"

"विस्कार्दी ठोकतील की. पेन्सिलीनं."

हातोडी माझी स्वतःची. ती उचलली आणि निघालो.

आम्हा पत्रा ठोकणाऱ्यांत एकानं कापलेल्या पत्र्याला त्याला विचारल्याशिवाय दुसरा हात लावत नाही. ग्वाल्दी गावातल्या चारही ठोकणाऱ्यांकडे फिरले. चौघांचं उत्तर एकच, "लेआर्कोला विचारा."

रविवारी ते माझ्या अंगणात आले. वाकून शेपटातल्या कोंबडीकडे बघितलं.

"कामावर ये. गाडी आहे तशीच पळेल."

"येतो. पण आधी विस्कार्दींना इथं आणा. या कोंबडीसमोर त्यांनी सांगावं, विचार कोण करतं ते."