येर्करची डाय

हे लिहिणारच नव्हतो. चारदा टाइप केलं, चारदा पुसलं. पण गावात खोटं पसरलंय.

स्वीडनमधल्या आमच्या स्मोलांडमध्ये घरटी एक वर्कशॉप. शेजाऱ्याची डाय, म्हणजे पत्रा दाबून भाग काढायचा पोलादी साचा, लागली तर उचलायची, काम झालं की तेल लावून परत ठेवायची. सही मागितली तर अपमान. म्हणून येर्करचा शाळेपासूनचा दोस्त सिक्स्तेन त्याची डाय घेऊन गेला, तेव्हा येर्करने मान वर करूनही बघितलं नाही.

कारच्या सीटची बिजागरी त्या डायवर निघायची. दोन हिवाळे घासून त्याने ती बनवलेली. वर्कशॉप तिच्यावरच चालायचं.

आठव्या दिवशी दुपारी तो सिक्स्तेनकडे गेला. डाय पट्ट्याने क्रेनच्या साखळीला टांगलेली. खाली ट्रक, स्लोव्हाकियाचा नंबर.

"हे काय रे?"

"कारवाली कंपनी बिजागरीचं काम तिकडे हलवतीय. तिकडे मजुरी निम्मी."

"डाय माझीय!"

"त्यांना मी माझी म्हणून दिली. त्या बदल्यात माझे स्क्रू पाच वर्षं घेणारेत. सगळे बुडण्यापेक्षा एक तरी तरू दे ना!"

"आणि मी?"

"तू दुसरी बनवशील. तुझे हात सोन्याचे आहेत."

येर्करने त्याच हाताने त्याचं तोंड फोडलं. सिक्स्तेनने रक्त थुंकलं, पहार उचलली आणि येर्करच्या बरगडीत घातली. दोघं ट्रकवर चढून गुरासारखे भिडले. ड्रायव्हर कुठल्याशा भाषेत ओरडत होता. येर्करने ढकललं तसा सिक्स्तेन आडवा पडला, डावा पंजा बरोबर डायच्या खाली.

पट्टा आपोआप तुटला म्हणतात. नाही. येर्करनेच मला सांगितलं. त्याने पंजा बघितला, मगच खिशातली सुरी काढून ताणलेल्या पट्ट्यावर ओढली.

सिक्स्तेन किंचाळला. ड्रायव्हरने पहारीने डाय उचकटली. दोन बोटांचा चेंदा झालेला. डायला मधोमध चीर.

हॉस्पिटलपर्यंत गाडी येर्करनेच चालवली, एका हाताने बरगडी दाबून.

"डॉक्टरला काय सांगू?" सिक्स्तेन कण्हला.

"खरं सांग. येर्करने केलं म्हण."

"पोलीस नेतील तुला, गाढवा."

"नेऊ देत."

"डाय?"

"गेली. ना तुझी, ना माझी, ना त्यांची."

सिक्स्तेन रडायला लागला. हातासाठी की डायसाठी, कळेना.

"सुटलो की नवी करू," येर्कर म्हणाला. "दोघं मिळून. आणि तीही विकलीस, तर दुसरा पंजा. वचन देतो."