जावईबापूंची गव्हाण

वडिलांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले, सहा आठवडे वजन उचलायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले, आणि तबेल्यातली त्यांची जागा सांभाळायला मी गेलो. मी ज्या कारखान्यात पुस्तकबांधणी करत असे तो नुकताच बंद पडला होता. नाही म्हणायला माझ्याजवळ सबब नव्हती.

घोडेस्वारी शिकवणाऱ्या त्या शाळेत नऊ घोडे होते. आठ जण पुढे पडेल ते खात. नववा, उंच, राखी रंगाचा, सहा वर्षांपासून फक्त माझ्या वडिलांच्या हातून खात असे. दाणा ओंजळीतून, गवत मुठीमुठीने. त्याचा मानपान आणि रुसवेफुगवे पाहून सगळे त्याला जावईबापू म्हणत. सहा वर्षांपूर्वी शाळेने घोड्यांची निगा राखणाऱ्या तीन मोतद्दारांना एका दिवसात घरी बसवले, तेव्हा वडील वाचले. कारण त्यांच्यावाचून जावईबापू जेवत नव्हता, आणि शाळेतल्या सर्वांत देखण्या घोड्याला उपाशी ठेवणे मालकीणबाईंना शक्य नव्हते. ही हकिकत आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली होती की तिला पाढ्यासारखा ठेका आला होता.

पहिल्या दिवशी मी गव्हाणीत दाणा ओतला. जावईबापूने मान खाली नेली, लाकडाला ओठ टेकतात न टेकतात तोच मागे घेतली, आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच काही अपराध केला होता. मग मी ओंजळ पुढे केली. त्याने चार दाणे उचलले, तोंड झटकले आणि बाकीचे माझ्या बुटांवर सांडले.

"असा पाहुण्यासारखा काय उभा राहतोस?" शेजारच्या घोड्याला खरारा करणारे मोतद्दार म्हणाले. ते अखंड बोलत, म्हणून त्यांना रेडिओकाका म्हणत. "जावयाला आग्रह करावा लागतो. कर आग्रह."

"कसा करू?"

"ते तुझ्या बापाला विचार. आम्हाला सासरेपण जमलं नाही, म्हणून तर आम्ही आठांच्या मागे आणि तो एकाच्या."

मी आग्रह केला. कोंडा कोमट पाण्यात भिजवला, गाजरे किसून त्यात मिसळली, मिठाचा खडा बांधला, पाणी दिवसातून पाच वेळा बदलले. एका वेळचे खाणे सहा वेळांत वाटून दिले. त्याला सोबत दिसावी म्हणून म्हातारी घोडी समोरच्या खणात आणून बांधली. मिश्रणाची बादली मी गव्हाणीत ठेवत असे, म्हणजे लाथ लागून सांडणार नाही. तो बादलीकडे मान नेई, थबके आणि भिंतीकडे वळे. मैदानात सोडले की गवताचे तुरळक खुंट मात्र तो अधाशासारखा उपटून खाई. त्याच्या बरगड्या एकेक करून दिसू लागल्या. त्याच्या अंगावरून हात फिरवताना मला उगाचच एखाद्या जुन्या ग्रंथाची आठवण होई, ज्याची शिवण पाठीवर उमटू लागली आहे.

घरी गेलो की वडील पलंगावरून विचारत, "खाल्लं?"

"नाही."

"काहीच नाही?"

"दोन मुठी."

ते मान हलवत, हळहळत, आणि मग आईकडे ताट पुढे करून आणखी वाढ म्हणत. ऑपरेशननंतर त्यांची भूक मेली म्हणून आई काळजीत होती. आता ती स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "तू आल्यावर दोन घास जास्त जातात बघ त्यांना." तिला त्याचा आनंद झाला होता. मी पाण्याचा पेला धुण्यात बराच वेळ घालवला.

नवव्या दिवशी, सोमवारी, जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी दात पाहिले, ताप पाहिला, पोटाला नळी लावून ऐकले. "दात उत्तम. ताप नाही. पोटात मात्र हालचाल फार मंद आहे. आतडं असंच रिकामं राहिलं तर पोटशूळ उठेल, आणि त्यात तो तडफडून जाईल."

मालकीणबाई हातमोजे काढून उभ्या होत्या. "किती दिवस आहेत?"

"शनिवारपर्यंत बघा. मग मी इंजेक्शन देतो. असं झिजत ठेवण्यापेक्षा ते बरं."

त्या माझ्याकडे वळल्या. "वडील खुर्चीवर बसून भरवू शकतील का? विचार त्यांना."

मी विचारले. वडील उशीला टेकून सरळ बसले.

"टाके ओले आहेत अजून."

"खुर्ची देतील, बाबा. गाडीही पाठवतील. फक्त हात पुढे करायचा."

"मग बाईंनी स्वतः यावं. तुझ्यासारख्या टपाल्याच्या हाती कसले निरोप पाठवतात?"

"शनिवारी मारतील त्याला."

"नाही मारत." ते शांतपणे म्हणाले. "शुक्रवारी बाई इथे या दारात उभ्या असतील. सहा वर्षं कुणाच्या हातचं खाल्लंय त्यानं, ते कळू दे जरा."

"तुम्ही काय करता ते मला तरी सांगा."

"करायचं काय? हाताचा गुण असतो. तो शिकवता येत नाही."

गुरुवारी सकाळी मी जावईबापूचा खण झाडत होतो. खिशात सफरचंद होते. अर्धे त्याला दिले, ते त्याने हुंगून सोडले. उरलेले मी गव्हाणीच्या कडेवर ठेवले, झाडून झाल्यावर उचलले आणि चावा घेतला. दुसऱ्याच क्षणी मी बाहेर जाऊन थुंकत होतो. जिभेच्या मुळापर्यंत असा कडवटपणा भिनला की डोळ्यांत पाणी आले. ही चव मला परकी नव्हती. घोडे लाकूड कुरतडतात, म्हणून दरवाजांच्या फळ्यांना एक कडू मलम लावतात. लहानपणी वडिलांच्या हातच्या घासाला कधीकधी ती चव लागे. पण ते मलम दारांना लावायचे. गव्हाणीला आतून कोणी लावत नाही.

मी बोट फिरवून पाहिले. तळाला, चारही बाजूंना, कडेवर, सांध्यांमध्ये. एका दिवसाचे काम नव्हते ते. वर्षानुवर्षे थरावर थर देऊन लाकूड मुरवले होते. रोज ते हाताळणाऱ्या माझ्या ओंजळीलाही तोच कडवटपणा लागत असणार. मी गोणपाट जमिनीवर अंथरले, त्यावर दाणा ओतला आणि बाजूला झालो. जावईबापूने मान खाली घातली. तो जमिनीला हुंगत राहिला, मग एक दाणा, मग दहा, आणि मग तो चघळण्याचा ओला, भरीव आवाज सगळ्या खणात पसरला. त्याला कोणाच्याही हाताची गरज नव्हती. कधीच नव्हती.

रेडिओकाका खरारा हातात धरून दाराशी आले आणि गव्हाणीकडे बघत राहिले.

पटाशी आणून मी दिवसभर गव्हाण खरवडली, सोड्याच्या गरम पाण्याने तीन वेळा घासली. शुक्रवारी संध्याकाळी तो तिच्यातून खाऊ लागला. मालकीणबाईंनी काय केले म्हणून विचारले. मी म्हटले, "गव्हाण साफ केली." त्यांना ते विनयाचे बोलणे वाटले. त्या आमच्या दारात आल्या नाहीत. उलट त्यांनी मलाच बोलावून सांगितले, की घोडा आता माझ्या हाताला लागला आहे, तेव्हा ही जागा मीच कायमची घ्यावी; वडिलांचे वय झाले, त्यांना विश्रांती बरी. मी खरे सांगितले असते तर त्यांची विश्रांती चोरीच्या आरोपासारखी घरात आली असती. मी होकार दिला. आम्हा तिघांच्या घरात दुसरी मिळकत नव्हती, हेही तितकेच खरे.

वडिलांनी सगळे ऐकून घेतले. आई देवळीतला दिवा पुसत होती. तिला त्यात अभिमानाखेरीज काही दिसले नाही. ती बाहेर गेल्यावर ते म्हणाले, "नुसत्या पाण्यानं जात नाही ते."

"माहीत आहे. पटाशी वापरली."

"बाईंना बोललास?"

"नाही."

ते बराच वेळ स्वतःच्या हाताकडे पाहत होते. मला वाटले, आता ते रागावतील, किंवा रडतील, आणि दोहोंपैकी काहीही झाले असते तरी मला सोपे गेले असते.

"मलमाचा डबा दाण्याच्या कोठीमागे आहे," ते म्हणाले. "फेकू नकोस. तू काय जन्मभर तरुण राहणार आहेस?"

पंधरा दिवसांनी ते आपले बूट आणि कपाटातले सामान न्यायला आले. येणार असल्याचे त्यांनी आदल्या दिवशीच सांगितले होते, वेळही सांगितली होती: आठ. त्या सकाळी मी जावईबापूला उपाशी ठेवू शकलो असतो. एका तासाचा तर प्रश्न होता. त्या एका तासात वडिलांना आयुष्यभर पुरेल असे काहीतरी मिळाले असते. मी कोठीपाशी माप हातात घेऊन उभा होतो, हे मला आठवते. मग नेहमीप्रमाणे सातला मी गव्हाण भरली.

ते आले, पोटाशी हात धरून सावकाश चालत. कोठीतून त्यांनी ओंजळभर दाणा घेतला आणि खणात शिरले. "काय जावईबापू, ओळख आहे ना?" त्यांनी ओंजळ त्याच्या तोंडाशी नेली. घोड्याने मान उचलली, त्यांच्या मनगटाला नाक लावले, ऊन श्वास सोडला आणि पुन्हा गव्हाणीत तोंड घातले.

वडिलांनी ओंजळ मागे घेतली नाही. ती तशीच पुढे धरून ते उभे राहिले, आणि मी समोरचा खण, जो आधीच झाडलेला होता, पुन्हा झाडू लागलो.